बाहेर तोंड करून ठेवलेल्या चपला

बाबांना मी मायोर्का बेटावर नेलं ते फिरवायला नाही, तपासायला. हे ऐकायला वाईट वाटेल, पण माझा धंदाच तो आहे. इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या एका ऑफिसात मी दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअर मोडून बघण्याचा पगार घेते. रोजच्या जागी सगळंच बरं चालतं. परक्या जागी, परक्या भाषेत चालवून बघितलं की कुठे अडखळतं ते कळतं.

आई मार्चमध्ये गेली. बाबा उन्हाळ्यात माझ्याकडे आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. तो संपला की ते नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहू शकतील का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. राहू शकत नसतील, तर फ्लॅट बंद करून त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागणार होतं. एका ठिकाणी माझं फोनवर बोलणंही झालं होतं. बाबा त्या घरात चाळीसेक वर्षं राहिलेले, तिथून हलायचं नाव काढलं तरी चिडणारे. म्हणून आधी पुरावा गोळा करायचा आणि मग बोलायचं, असं मी ठरवलं होतं.

पुरावा मिळत होता. रोज सकाळी ते मला तेच विचारायचे, ‘झोपली होतीस ना नीट?’ मी हो म्हटलं की माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे. दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगायचे. चहात साखर घातली की नाही ते विसरायचे. घटस्फोटानंतर मी एकटीच राहत होते, त्यामुळे हे सगळं बघायला दुसरं कोणी नव्हतं. मीच नोंद घ्यायची आणि मीच निष्कर्ष काढायचा.

नोव्हेंबरच्या तोंडावर आम्ही पाल्माला, मायोर्काच्या मुख्य शहरात, उतरलो. स्पेनचा व्हिसा बाबांनी भारतातूनच करून आणला होता. पहिले दोन दिवस शहरात काढले. दुपार झाली की तिथे खिडक्यांवर लाकडी झडपा पडायच्या आणि गल्ल्या अशा निपचित व्हायच्या की आपल्याच पावलांचा आवाज नको वाटावा. संध्याकाळी तीच माणसं नटूनथटून बाहेर यायची आणि काही काम नसताना एकाच रस्त्यावर वर-खाली चालत राहायची. लिपस्टिक लावलेल्या आज्या, त्यांच्या हाताला धरून म्हातारे, मागे लेकरं. बाबांना हे फार आवडलं. ‘आपल्याकडं रिटायर माणसाला कोणी फिरायला नेत नाही, औषधाला नेतात,’ असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले.

एक नोव्हेंबर हा तिथे मृतांना भेटायला जायचा दिवस. सगळं शहर शेवंतीचे गुच्छ घेऊन दफनभूमीकडे निघालं होतं. आम्हीही मागोमाग गेलो. तिथे जमिनीत पुरलेली माणसं थोडी आणि भिंतीत ठेवलेली जास्त. एकावर एक खण, प्रत्येकाला दगडी झाकण, त्यावर नाव आणि फोटो. शिडीवर चढून एक बाई वरच्या खणातल्या नवऱ्याच्या फोटोवरची काच पुसत होती आणि पुसता पुसता त्याच्याशी बोलत होती, आपण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलतो तसं. मध्येच थांबायची, मग पुढे बोलायची. मला ते ऐकवेना.

‘काय बाप्पा, माणसं कपाटात ठेवली यांनी,’ बाबा म्हणाले. आम्ही बाबासाहेबांना मानणारं घर. आत्मा, भूत, पिंड, श्राद्ध यांतलं काही आमच्या दारातून कधी आत आलं नाही. आई गेली तेव्हा वंदना झाली, जेवण झालं आणि तिची राख बाबांनी त्यांच्या मोठ्या भावाच्या शेतात एका झाडाच्या मुळाशी घातली. मी तिथे नव्हते. इंग्लंडमध्ये कायम राहण्यासाठी माझा अर्ज चालू होता. क्रॉयडनच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे देऊन आले होते आणि निकाल येण्याआधी देश सोडला तर अर्ज बाद होणार होता; तो मंजूर झाला नंतर, उन्हाळ्यात. बाबाच म्हणाले होते, येऊ नको, तुझ्या आईलाही ते आवडलं नसतं. मी सगळं फोनच्या स्क्रीनवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. रडू आलं नाही. सगळ्यांना वाटलं मी खंबीर आहे. मलाही तसंच वाटलं.

तिथून आम्ही समुद्रकाठच्या गावी गेलो. गाव म्हणजे उन्हाळ्यातल्या पाहुण्यांसाठी बांधलेली वस्ती, आणि पाहुणे गेले होते. असं बंद गाव मी कधी बघितलं नव्हतं. हॉटेलांच्या दारांना साखळ्या, दुकानांच्या काचांना आतून कागद, बीचवरच्या खुर्च्यांचे ढीग दोरीनं बांधलेले. इमारतींच्या शेकडो खिडक्या, सगळ्यांवर झडपा ओढलेल्या. समुद्र मात्र कोणी बघायला नसताना तसाच निळा होता. आमच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला स्वस्तात मिळाला होता, कारण बाकी सगळी इमारत रिकामी होती. खालच्या पोहण्याच्या तलावातलं पाणीही काढून टाकलेलं.

मजल्यामजल्यावर लांब पॅसेज होते, सगळे एकसारखे, सगळी दारं पांढरी. माणूस आला की दिवा आपोआप लागायचा आणि गेल्यावर विझायचा. बाबांनी आल्या आल्या सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, ‘बाबा, इथे आत काढतात, शूज बाहेर ठेवले तर अलाउड नसेल.’ ते म्हणाले, ‘असू दे. चपला दिसल्या की आपलं दार तरी ओळखू येते.’ त्यात तथ्य होतं. मग मीही माझे बूट आणि सँडल बाहेर ठेवले.

दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर सगळे जोड फिरवलेले होते. रात्री काढताना आपण जसे काढतो तशी दाराकडे नव्हे, तर जिन्याकडे तोंडं करून, टाचा सरळ एका रेषेत. मी तिथेच उभी राहिले. आई असं करायची. आमच्या घरी कोणीही आलं की त्यांच्या चपला ती फिरवून ठेवायची, जाताना नुसता पाय घालून निघता यावं म्हणून. शेजारी म्हणायचे, उलटसुलट चपला पडल्या की भांडण होतं. आई म्हणायची, भांडण नाही, पाय अडकून पडायला होतं.

‘तुम्ही केलं का हे?’ मी विचारलं.

बाबा बाहेर आले, बघितलं, आणि म्हणाले, ‘तुझी आई ठेवायची तसं.’ एवढंच. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी मनात आणखी एक नोंद घेतली, स्वतःच केलेलं आठवत नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी पॅसेजमधून जाताना आपोआप लागणारा दिवा मला आवडला नाही. माझ्याआधीच कोणीतरी तिथे आहे, असं वाटत राहायचं. भुतं नसतात हे मला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टी रिकाम्या इमारतीत उपयोगी पडत नाहीत.

रोज सकाळी तेच. मी रात्री मुद्दाम वेडेवाकडे काढलेले बूटही सकाळी ओळीत. इमारतीची देखभाल करणारी बाई सकाळी झाडायला यायची. तिला फोनवर भाषांतर करून विचारलं. तिनं मान हलवली आणि दोन्ही हातांनी आजूबाजूच्या बंद दारांकडे दाखवलं. इथे तुम्ही दोघंच आहात, असा त्याचा अर्थ.

मग एका सकाळी दाराबाहेर काहीच नव्हतं. अनवाणीच मी जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला आणि आमच्या बरोबर खालच्या, कोणीच राहत नसलेल्या दारापुढे सगळे जोड मांडलेले दिसले. बाबांच्या चपला. माझे बूट. माझे सँडल. आणि त्यांच्या शेजारी बायकी रबरी चपलांचा एक जुना जोड, आमचा नसलेला. सगळ्यांची तोंडं जिन्याकडे. कोणीतरी तिघं त्या दाराआड जेवायला बसली आहेत आणि आता निघतील, असं ते दिसत होतं. दाराला हात लावायची हिंमत झाली नाही.

बाबा माझ्यामागून उतरले होते. त्या रबरी चपला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. आईच्या शेवटच्या आठवड्यात फोनवरही मी त्यांना इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं. ‘वर चल,’ ते म्हणाले. ‘चपला मी आणतो.’

त्या दिवसापासून ते दाराला टेकून खुर्ची ठेवायला लागले. रात्री तिथेच बसून राहायचे. दिवसा मात्र त्यांच्यात काही राम नसायचा. भाजीत मीठ दोनदा, चष्मा फ्रिजमध्ये, बोलता बोलता वाक्य अर्धवट. मला आता पुरेसं झालं होतं. माझा बाप रिकाम्या इमारतीत चपला मांडत फिरतो आणि मग स्वतःच्याच करणीला घाबरतो. मला त्यांची दया येत होती आणि रागही. आईनं यांना माझ्यावर सोडायला नको होतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

परतीच्या दिवशी एअरपोर्टच्या बससाठी आम्ही उन्हात बाकावर बसलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, ‘बाबा, आय हॅव डिसायडेड. तुम्ही आता एकटे राहायचं नाही.’ आणि एकेक करून सगळं सांगितलं. मीठ, चष्मा, पेंगणं, तोच तोच प्रश्न, आणि शेवटी चपला.

माझं संपल्यावर म्हणाले, ‘बेटा, चपला मी नाही हलवल्या. तू हलवते.’

मी हसले. ते हसले नाहीत.

‘तिकडं तुझ्या घरीही करते. मी आलो त्या आठवड्यापासून बघतो. पहाटे उठते, डोळे उघडे असतात, पण तू त्यात नसते. दाराशी जाते, चपला फिरवते आणि कोणाची वाट बघितल्यासारखी उभी राहते. मग मी आणून झोपवतो. तिकडं दार लॉक असते. इथं चपला बाहेर, म्हणून तू बाहेर. त्या दिवशी माझा डोळा लागला. उठलो तर तू नाही. खालच्या दारापुढे बसली होती. तुला वर आणलं, पण चपलांकडे बघितलंच नाही तेव्हा. त्या रबरी चपला तलावाच्या त्या काठाला पडल्या होत्या. मी आदल्या दिवशी बघितल्या होत्या तिथं. म्हणजे तू रिकाम्या तलावापर्यंत जाऊन आली.’

रोज सकाळी माझे तळवे काळे असायचे. फरशी धुळकट आहे, म्हणून मी त्या झाडणाऱ्या बाईला मनातल्या मनात नावं ठेवली होती.

‘सांगितलं का नाही मला?’

‘सांगून काय होणार? मी तर जाणार. मग तू एकटीच भीत बसली असती.’ बस दिसायला लागली तसे ते उठले. ‘माझं मी करीन गं. स्वयंपाक येतो, शेजार आहे, विहार आहे. मला काळजी तुझी आहे. पाच महिने झाले, मी तेच बघून राहिलो, की हिला एकटी ठेवून जाता येते का.’

म्हणजे मी त्यांना तपासत होते आणि ते मला. त्यांनी काय निष्कर्ष काढला ते विचारायची माझी ताकद नव्हती.

डिसेंबरात ते गेले, कारण व्हिसा कोणाची काळजी बघत नाही. वृद्धाश्रमाला मी फोन करून नकार कळवला. नागपुरात ते ठणठणीत आहेत. रात्रभर झोपतात, त्यामुळे चष्माही सापडतो आणि मीठही एकदाच पडतं. मी डॉक्टरकडे गेले. झोपेच्या तज्ज्ञाकडे नंबर लागायला वेळ आहे. तोवर दाराला वर एक कडी लावून घ्या, असं त्यांनी सांगितलं. ती मी लावली आणि सगळं थांबलं, असं समजून राहिले.

जानेवारीत एकदा जिन्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या इंग्रज बाई. कुत्र्याला घेऊन उजाडायच्या आत बाहेर पडणाऱ्या. वर्षानुवर्षं आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलं नव्हतं. त्या थोड्या अवघडल्या, मग म्हणाल्या, ‘तुमचे वडील जाण्याआधी माझ्याकडे आले होते. तुम्ही कधी पहाटे बाहेर दिसलात तर दचकवू नका, हात धरा आणि एवढं म्हणा, असं सांगून गेले. माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं.’

आणि त्यांनी मराठीत म्हटलं, एकेक अक्षर सांभाळत, ‘चल बेटा, घरात चल.’

मी म्हटलं, बाबा उगाच काळजी करतात, मी आता कडी लावते.

‘हो का?’ त्या म्हणाल्या. ‘मला मंगळवारी म्हणावं लागलं. तुम्ही लगेच आलात, अगदी शहाण्यासारख्या.’ कुत्रा ओढत होता, पण त्या थांबल्या. ‘तुम्ही मला काहीतरी विचारलंत. “आई?” असं. दोनदा. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवेना. म्हणून मी हो म्हटलं. चुकलं का माझं?’

मी म्हटलं, नाही, काही चुकलं नाही. मग तिथेच पायरीवर बसले आणि मार्चपासून न आलेलं रडू मला त्या जिन्यात आलं, आणि त्या बाई कुत्र्याची दोरी हातात धरून माझ्याजवळ उभ्या राहिल्या.