सासऱ्यांनी गमावलेला फेटा
बैलाच्या शिंगांना लावलेल्या ताज्या रंगाचा वास आला की मला सासऱ्यांची फजिती आठवते. साठीतल्या या माणसाने गावातच राहणाऱ्या माझ्या बापाशी पैज लावली होती, की पोळ्याला मारुतीपुढचा दगडी गोटा जो उचलेल, त्याला दुसऱ्याने आपला फेटा द्यायचा. दोघे दोन महिने बैठका मारत होते. बाप कण्हत उठायचा. आमचे पहिलवान सासरे देऊळगाव राजाहून आणलेली दुखण्याची गोळी रोज खाऊन मिशा पिळायचे. पोळ्याला बापाने गोटा छातीला लावला, सासऱ्यांना तो हलवताही आला नाही. उघड्या डोक्याने घरी आले, तर सासू म्हणाली, "अंगाले दुखूच देलं नाही, तं ताकद कुठून येईन? बांधा आता डोक्याले गोळ्याइचा कागद!" आज सत्तरीत फिरून आल्यावर माझ्या मांड्या ठणकतात. मी ठणकू देते.