अब्राहामाला किती माहीत होतं?

दोन वर्षं बुधवारच्या शास्त्राभ्यासातून काय मिळालं असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे सिद्धान्त कमी आणि किस्से जास्त निघतील. बायबल उघडून चार माणसं बसली की एखादा किस्सा घडतोच. आपण तो लिहून ठेवत नाही, तरी तो राहतोच. त्यातले काही सांगते.

आम्ही बसायचो बदनापूरला, स्टेशनजवळ दाऊदकाकांच्या पुढच्या खोलीत. काका रेल्वेतून रिटायर झालेले, आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळ्यांत जुने. वाचताना कुणी एक शब्द गाळला किंवा पदरचा घातला तरी थांबवायचे. "पुस्तकात हाय तेवढंच, अन् हाय तसंच." मी नुकतीच एम. ए. झालेली. देवाने आपली ओळख माणसाला एकदम दिली नाही, टप्प्याटप्प्याने दिली, या विचाराने मी भारावले होते. म्हणून मी नियम केला: उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचायचं, आणि नोहापाशी असू तेव्हा नोहाला माहीत होतं तेवढंच आपल्यालाही माहीत आहे असं धरायचं. पुढचं बोलायचं नाही.

पहिल्याच बुधवारी सुरेश प्रार्थनेला उभा राहिला. हा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला असतो. प्रार्थना छान झाली, पण शेवटी येशूचं नाव घेऊन आमेन म्हणायचं, तिथे तो अडकला.

"ताई, येशूच्या नावानं म्हणू का? आपण तर अजून एदेन बागेत हावोत."

मी विचारात पडले. काका डोळे मिटूनच म्हणाले, "आमेन म्हण अन् बस खाली. बागेतून तसंही हाकलणारच हायेत."

*

लेवीय, म्हणजे काय खावं काय खाऊ नये याच्या नियमांचं पुस्तक, वाचत होतो तेव्हाची गोष्ट. काकूंनी सुकटीची चटणी आणि भाकरी केली होती. सुरेशने ताट सरकवलं.

"काकू, झिंग्याला पंख न्हाईत, खवले न्हाईत. अजून मनाई हाये."

"मंग तू उपाशी बस," काका म्हणाले. "पुढं येशूच्या चेल्याला, पेत्राला, सगळं खायची मोकळीक मिळाली, तिथवर मी कवाच वाचून ठिवलंय."

सुरेशने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी मोडून चटणीचा घास घेतला, तसं त्याने ताट परत ओढलं. त्याचं प्रकटीकरण तिथेच पूर्ण झालं.

*

पण सगळ्यांत चिवट होत्या कमलमावशी. त्यांचं माहेर कुंभार पिंपळगाव. लग्नानंतर त्या आणि नवरा, दोघांनी येशूवर विश्वास ठेवला. लेवीयच्याही आधी, अब्राहामाच्या अध्यायाला त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पोरी, अब्राहामाला येशूचं नाव ठाऊक होतं का?"

"नाही मावशी."

"मंग त्याचं तारण कसं झालं?"

उत्तर मला पाठ होतं. जितका प्रकाश मिळाला तितक्यावर त्याने भरवसा ठेवला, आणि देवाने तेच नीतिमत्त्व धरलं. मी जोरात सांगितलं. मावशींनी ते नीट ऐकून घेतलं.

"अन् माझी आई?"

त्यांच्या आईचं नाव गयाबाई. रोज दिवस मावळताना अंगणात उभी राहायची. देव्हाऱ्याकडे पाठ, तोंड आभाळाकडे. "ज्यानं हे समदं केलं, त्याला," एवढंच म्हणून हात जोडायची. मावशींच्या घरात बायबल येण्याआधीच ती गेली.

काकांनी पान उलटलं. मी म्हणाले, "पुढे येईल मावशी."

*

मग प्रत्येक पुस्तकात मावशींना तेच दिसायला लागलं. रूथ परक्या मुलखाची, तिचं कसं जमलं? ईयोब कोणत्या मंडळीत होता? योनामध्ये निनवे आलं आणि त्या ताठ बसल्या. "त्या लोकायला किती सांगितल्तं?"

"चाळीस दिवसांत शहर पालथं होईल, एवढंच. तेवढ्यावर त्यांनी पश्चात्ताप केला आणि वाचले."

"एवढ्यावर भागलं?"

सुरेश म्हणाला, "मावशी, तुमच्या आईला निनवेला नेऊन ठिवावं का?"

सगळे हसले, मावशीही हसल्या. मग म्हणाल्या, "नेते की. गाडी कवा हाये, ते सांग."

*

मंडळीचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा जालन्याहून यायचे. भला माणूस. मावशींचा प्रश्न ऐकून त्यांनी चहा खाली ठेवला. "ते देवावर सोडा, मावशी."

"सोडलंय ना साहेब. बराबर सोडलंय. पण तो हो म्हणला का न्हाई, ते कुणीच सांगून न्हाई राह्यलं."

साहेब जाताना दारात मला म्हणाले, "त्यांना सांभाळा." मला त्यांचा राग आला. इतक्या शतकांचे सिद्धान्त, परिषदा, जाडजूड ग्रंथ. आणि अंगणात उभ्या असलेल्या एका बाईसाठी एक ओळ नाही? घरी येऊन मी ती ओळ शोधत बसायचे. मावशींसाठी शोधतेय असं म्हणायचे. नंतर नंतर ती मलाच हवी होती.

*

या वर्षी आम्ही इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाला पोचलो. देवाने कबूल केलेलं हाती येण्याआधीच जे विश्वासात मेले, त्यांची नावं आहेत तिथे. एकेकाने एकेक वचन वाचायचं ठरलं. हाबेल, हनोख, नोहा, सारा. बहुतेक वचनांची सुरुवात सारखीच: विश्वासाने.

फिरत फिरत मावशींकडे राहाबेचं वचन आलं. त्या बोट ठेवून सावकाश वाचतात. वचन संपलं, पण बोट उठलं नाही आणि आवाजही बदलला नाही.

"विश्वासाने गयाबाई, कुंभार पिंपळगावची, दिवस मावळताना अंगणात उभी राह्यली, अन् ज्याचं नाव तिला कुणी सांगितलं न्हवतं, त्याला तिनं हात जोडले."

सुरेशने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. पुढचं वचन त्यांचं होतं.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. पुस्तक जवळ ओढलं आणि त्यात होतं ते, होतं तसंच वाचलं. "आणखी काय सांगू? बाकीच्यांचं सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही."