सासूबाईंचं गळ्यातलं

आमच्या ब्रॅम्पटनच्या घरात स्वयंपाकघराच्या दारात झडती व्हायची. नायलॉनचं जॅकेट, लोंबती ओढणी, असलं काही अंगावर असेल तर सासूबाई शेगडीपाशी येऊ द्यायच्या नाहीत. बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारी नागपूरची मुलं पोळ्या न्यायला वर यायची, त्यांनाही खाली पाठवून सुती शर्ट घालून यायला लावायच्या. इथली शेगडी विजेची, ठिणगी उडणार कुठून, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच घरात सुती कपडे घालायला लागले.

ही सवय कारखान्याची होती. एकाहत्तरच्या लढाईत सासूबाई पुण्याजवळ दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होत्या, गोळ्यांत दारू भरायच्या खात्यात. सासरे सैन्यात ट्रक चालवायचे, ते तेव्हा सीमेवर. घासून ठिणगी उडेल म्हणून खात्यात नायलॉन आणि धातूची वस्तू न्यायला सक्त मनाई. जोडवी, केसांतल्या पिना, गळ्यातलं, सगळं फाटकाशी उतरवून रुमालात बांधून ठेवायचं आणि संध्याकाळी परत घालायचं. नवरा लढाईवर आणि ही रोज मंगळसूत्र काढून ठेवते, म्हणून त्यांच्या सासूने त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. हे त्या हसत हसत सांगायच्या. दमून आल्यावर बोलायला कोणाला त्राण होतं, बरंच झालं, म्हणायच्या.

लढाई संपली, सासरे धडधाकट परत आले, सासूबाईंनी नोकरी सोडली. पुढे सगळा जन्म घर केलं, आधी तिकडे, मग आमच्याकडे. मी मिसिसागाला ऑफिसात, नवरा सतत कामाच्या दौऱ्यावर. माझी लेक त्यांच्याच मांडीवर मोठी झाली. त्यांनी माझ्या लोणच्याला नावं ठेवली, माझ्या ताटात भाजी परत परत वाढली, आणि मला ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आमचं रोज वाजायचं आणि माझा त्यांच्यावर फार जीव होता. दोन्ही खरं.

एक गोष्ट मात्र कारखाना सुटल्यावर त्यांनी कधी केली नाही. गळ्यातलं काढलं नाही. झोपताना नाही, विमानतळावरच्या तपासणीत नाही. दोन वाट्या आणि काळे मणी, सोनं ते काय असणार. हौस म्हणून आम्ही सोडून दिलं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांचा तोल जायला लागला. बोलता बोलता शब्द हरवायचे. डॉक्टरांनी हॅमिल्टनच्या मोठ्या इस्पितळात डोक्याचा स्कॅन सांगितला. किती तरी थांबून अपॉइंटमेंट मिळाली. बर्फातून गाडी काढून सासऱ्यांसकट आम्ही पाचही जण गेलो. ते मशीन म्हणजे मोठं लोहचुंबकच, तेव्हा अंगावर धातू नको, असं नर्सने समजावलं. सासूबाईंनी जोडवी काढली, बांगड्या काढल्या. गळ्यातलं मुठीत धरलं आणि मान हलवली.

नवरा चिडला. स्कॅन झाल्याशिवाय पुढचं औषध ठरणार नव्हतं, आणि आज तसेच परत गेलो असतो तर पुन्हा नंबर कधी लागला असता कोण जाणे. माझी लेक म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ नेकलेस. थोड्या वेळात परत घाल ना." मीही आतून धुमसत होते. कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच उरल्यावर मी जरा कडक आवाजात विचारलं, कारखान्यात तर रोज काढायचात, मग आजच काय झालं?

"काढताना काही वाटायचं नाही गं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी घालताना हात कापायचे. दिवसभरात घरी सीमेवरून नको ती तार आली असेल, आणि इथे मी हे गळ्यात घालतेय. घर येईपर्यंत तसंच चालायचं. रोज."

इतक्या वर्षांच्या हसण्यात हे त्यांनी कुठे ठेवलं होतं, मला कळेना. माझा राग कुठच्या कुठे गेला. मी बाहेर येऊन सासऱ्यांना सांगितलं. तेही पहिल्यांदाच ऐकत होते. काठी टेकत ते आत आले. त्यांच्या बोटांना हूक सापडेना, मी पुढे झाले तर मला थांबवलं. बऱ्याच खटपटीनंतर निघालं. ते त्यांनी मुठीत घेतलं, मशीनच्या खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये दारासमोर खुर्ची ओढायला लावली आणि बायकोला म्हणाले, "मी इथेच बसलोय. ये जाऊन."

तेवढ्या वेळात ते वॉशरूमलासुद्धा उठले नाहीत. लेकीने कॉफी आणली, ती तशीच गार झाली. सासूबाई व्हीलचेअरवरून बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी खुर्चीकडे पाहिलं. दोघांनी मिळून गळ्यातलं परत घातलं, तेव्हा मी मुद्दाम सासूबाईंच्या हातांकडे पाहत होते. कापत होते. सासऱ्यांचेही कापत होते.

स्कॅनमध्ये जे निघालं त्याला त्या वयात इलाज नव्हता. बर्फ वितळायच्या सुमाराला त्या घरीच गेल्या, झोपेत.

अंत्यसंस्कार करून देणाऱ्या फ्युनरल होममधल्या माणसाने अदबीने विचारलं, दागिने ठेवायचे की काढून द्यायचे. लेकीसाठी आजीची एवढी एक वस्तू असावी, असं मला फार वाटत होतं. नवऱ्याने मान डोलावली. गुरुजी म्हणाले, सोनं काढून घ्या, मणी दोऱ्यात ओवून घातले तरी चालतं. मी वाकून त्यांच्या मानेखाली हात घातला, तर सासऱ्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, बाळ," ते म्हणाले. "आज ती कामावर नाही चाललेली."