पटाच्या कडा

१२ मार्च २०१८. डोळ्यांच्या तपासणीचे ८५० रुपये झाले. स्टोअरकीपरने ५०० भरले. बाकीचे रिपोर्ट न्यायला येईन तेव्हा देतो म्हणाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नजर कडांकडून आत आकसतेय. गेली ती परत येत नाही, उरली ती राखता येते. रिपोर्ट बघून ऑपरेशनचं ठरवू. उशीर नको."

ऑपरेशन म्हणजे काही महिने खेळ बंद. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या विजेच्या सामानाच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत उलट्या खोक्यावर तो बुद्धिबळ शिकला. हरवलेल्या प्याद्यांच्या जागी नटबोल्ट असत. आता त्रेचाळिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर व्हायला मोठ्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी करून मिळवाव्या लागणाऱ्या तीन नॉर्मपैकी दोन पदरात पडले होते, गुणांकनही पुरेसं होतं. तिसऱ्यासाठी तो थांबायला तयार नव्हता.

पट सबंध दिसेना, तेव्हा त्याने मान फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक चालीआधी डावीकडून उजवीकडे, सावकाश.

"काय रे पंख्या, जरा वारा इकडेही येऊ दे!" डिस्पॅचचा कारकून ओरडायचा. गोदामभर हशा पिकायचा. स्पर्धेतल्या लोकांना वाटे, समोरच्याला बिचकवायची युक्ती आहे. तोही हसून घ्यायचा.

घरी पाण्याचा तिसरा ग्लास कोपराने सांडला तेव्हा बायको फडकं घेऊन आली. "अहो, शेजारीच तर ठेवला होता."

"लक्ष नव्हतं."

"लक्ष नव्हतं की दिसला नाही?"

त्याने आडवा पडलेला ग्लास चाचपून उभा केला. तिने फरशी पुसली आणि पुन्हा विचारलं नाही. त्या न विचारण्याची त्याला जास्त धास्ती वाटली.

तिसऱ्या नॉर्मच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत बरोबरी पुरे होती. घड्याळात चाळीस सेकंद उरले. मान फिरवायला वेळ नव्हता, आणि त्याच्यासमोर फक्त पटाचा मधला तुकडा होता. भोवती राखाडी धुकं. गोदामात वीज गेली की तो अंधारात हात घालून नेमका फ्यूज काढायचा. तसंच त्याने आठवलं: डाव्या कोपऱ्यात काळा उंट, सहा चालींपासून दबा धरून. त्याने राजा त्याच्या तिरक्या रेषेतून बाजूला घेतला. समोरच्याने बराच वेळ पटाकडे पाहिलं आणि बरोबरी मागितली.

तो ग्रँडमास्टर झाला. टाळ्या वाजल्या. प्रतिस्पर्धी डावीकडून येऊन हात पुढे करून उभा राहिला आणि तसाच राहिला.

"माज बघा," मागून कोणीतरी म्हणालं.

घरी बायकोने या वेळी ग्लास शेजारी ठेवला नाही. त्याच्या दोन्ही हातांत दिला. दवाखान्याची पावती तिला त्याच्या खिशात सापडली होती.

"उद्या जाऊन रिपोर्ट आणू या."

"पुढची स्पर्धा होऊ दे."

आता मान पूर्वीपेक्षा जास्त फिरवावी लागते. रिपोर्ट दवाखान्यातच आहे. तपासणीचे ३५० रुपये अजून द्यायचे आहेत.