मार्क वाया जातील

आमच्या समोरच्या दारावर एक लाकडी पाटी आहे. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वर शेजाऱ्याचं नाव, आणि नावाखाली नावापेक्षा ठळक अक्षरांत ‘शालान्त परीक्षेत जिल्ह्यात सातवा’. नवा कुरिअरवाला हमखास विचारतो, “सातवा मजला कुठून?” आमची इमारत तीन मजल्यांची. मी सांगतो, “बाबा रे, सातवा इथंच राहतो. वर काही चढला नाही तो.” आतून शेजारी हे ऐकतो आणि हसतो. हसण्यात त्याला पहिल्यापासून चांगले मार्क.

त्याला मेरिट हे नाव मीच ठेवलं. आता ते इतकं रुळलंय की त्याच्या बायकोला अख्खी इमारत मेरिटवहिनी म्हणते, आणि ती बिचारी ओ देते.

पाटी रंगवली त्याच्या वडिलांनी. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. निकाल लागला त्या दिवशी म्हाताऱ्यानं एका औषधाच्या दुकानाची पाटी अर्धी टाकली आणि ही रंगवायला घेतली. रंग असा पक्का दिला की पुढे दार बदललं, कुलपं बदलली, म्हातारा गेला, पाटी आहे तशी आहे.

मेरिट लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली अक्षरं काढायचा. वडिलांपेक्षा बरी काढायचा, असं वडीलच सांगायचे, पण तो घरी नसताना. त्याला जायचं होतं चित्रशाळेत, अक्षरांचं काम नीट शिकायला. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. आता चित्रशाळेला मार्कांची अट नव्हती, जाईल त्याला घ्यायचे. तिथंच सगळं अडलं. म्हातारा म्हणाला, “तिथं तर काठावर पास झालेलेही जातात. मग या मार्कांचं करायचं काय? वाया जातील ना.”

मार्क वाया जातील. हे वाक्य आमच्याकडे दूध नासेल म्हणावं तसं म्हणतात. ज्याला जितके मार्क, त्यानं तितक्या मार्कांना उघडणाऱ्या दारातूनच आत जायचं. आत काय आहे ते मागाहून बघायचं. मार्क पुरते खर्च झाले पाहिजेत, एकही खिशात उरता कामा नये. मेरिटचं मेडिकल थोडक्यात हुकलं. त्याच्या खालोखालच्या मार्कांना दातांच्या कॉलेजचे प्रवेश बंद होत होते, तिथं मार्क अगदी मापात बसले. झाला दातांचा डॉक्टर.

आणि स्वभाव असा, की दुसऱ्याचं दुखणं त्याला बघवत नाही. मी त्याचा पेशंट होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. इंजेक्शन देण्याआधी तो इतक्यांदा माफी मागायचा की आपल्यालाच वाटायचं, याच्या मनात काहीतरी भलतंच आहे. मी आ केला की तोही आ करायचा. माझी दाढ काढली तेव्हा घाम त्याला फुटला. शेवटी खुर्चीतून उठून पाणी मीच दिलं त्याला. त्यात भर त्याच्या अक्षराची. औषधाची चिठ्ठी इतकी सुरेख लिहायचा की कोपऱ्यावरचा केमिस्ट मला म्हणाला, “हा खरा डॉक्टर आहे ना हो? सगळं वाचता येतंय.”

दवाखाना जेमतेम तग धरून होता, मग तेवढंही जमेना. खुर्ची विकत घ्यायला कोणी येईना, म्हणून ती सुटी करून जिन्यानं वर आणली आणि घराच्या बाहेरच्या खोलीत पुन्हा जोडली. अजून तिथंच आहे. पाय पसरून पेपर वाचायला असं दुसरं आसन नाही, त्यामुळे बहुतेक वेळा तिच्यात मीच असतो. तिच्या दिव्याखाली वहिनी भाजी निवडते. चूळ भरायच्या भांड्यात वेल लावलाय. बरा वाढलाय.

नंतर त्याला एका विमा कंपनीत नोकरी लागली. लोकांनी दातांवर केलेल्या खर्चाचे दावे तपासायचे. मुलाखतीला गेला तर साहेबानं शाळेचे मार्क पाहिले, “अरे वा, सातवे,” म्हणाला आणि ठेवून घेतला. दातांबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे मार्क कामाला आले म्हणायचे. एकदा भलत्या दारातून आत ढकलायला आणि एकदा मागच्या दारानं बाहेर काढायला. आता तो दिवसभर परक्या जबड्यांचे एक्स-रे खिडकीपुढे धरतो आणि खाली लिहितो, ‘नामंजूर’. अक्षर असं की नकारसुद्धा फ्रेम करून लावावा.

घर खरं चालतं वहिनीवर. ती कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसते, आणि जिभेला धार आहे. मला म्हणते, “भावजी, खुर्चीचं भाडं लावायला हवं तुम्हाला.”

यांना एक मुलगी. तिचं नाव मी ठेवलं फूटपट्टी. रांगायची थांबली तेव्हापासून पोरगी मोजतेय. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत हा शोध तिचा. माझी खिडकी वाकडी आहे हाही तिचाच, आणि तो तिनं माझ्या पाहुण्यांसमोर जाहीर केला. इमारतीमागच्या मोकळ्या जागेची मोजणी करायला माणसं आली होती, तिपाईवर दुर्बीण लावून. त्या दिवशी ही जेवायला घरी आली नाही. तेव्हापासून तिचं ठरलेलं. मोजणीचा कोर्स करायचा, दुर्बीण लावायची, डोंगर-शेतं-रस्ते मोजत हिंडायचं.

मोजणीच्या कोर्सला मार्क फार लागत नसत. आणि फूटपट्टी तर वर्गात पहिली. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. इमारतीत जो भेटेल तो तिला म्हणायचा, “आता आजोबांच्या पाटीखाली दुसरी पाटी लागणार.” वहिनीनं तर मेडिकलच्या गोष्टी सुरू केल्या होत्या. “एवढी हुशार पोर उन्हात काठ्या घेऊन फिरणार? त्यासाठी देवानं डोकं दिलंय का?” मेरिट यातलं काहीच बोलत नसे. तो आपला वेलाला पाणी घालायचा.

परीक्षेच्या आधी एकदा जिन्यात मी तिला चिडवलं. “काय गं, दुसऱ्या पाटीला भिंतीवर जागा आहे का?”

“आहे, मोजलीय मी. पण लावायची नाहीये.”

“म्हणजे? मार्क नकोत तुला?”

“हवेत ना. साठ.”

“साठ काय, साठ? मार्क म्हणजे काय बटाटे आहेत, एवढेच द्या म्हणायला?”

ती थांबली, आणि मास्तरीणबाईसारखी मला समजावू लागली. “काका, जास्त आणायला अभ्यास लागतो, कमी आणायला हिशेब. मोजणीला दर वर्षी पंचावन्नला मिळतं. मी साठ आणणार. थोडे वर असलेले बरे. साठ आले की मेडिकल नाही, दातांचं नाही, वाया जायला काही उरतच नाही. मग कोण अडवेल?”

मला हे इतकं आवडलं की मी ते अख्ख्या इमारतीला सांगितलं. वहिनीला सांगितलं, मेरिटलाही. कोणीही खरं मानलं नाही. माझं कोण खरं मानतं? वहिनी म्हणाली, “भावजी, निदान पोरीच्या परीक्षेची तरी चेष्टा नको.”

निकाल लागला. फूटपट्टीला साठ. वर एक मार्क होता, तेवढीच तिची चूक.

त्या दिवशी त्यांच्याकडे माणसं भेटायला आली ती दबक्या पावलांनी, चपला हळूच काढत. तळमजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या, “पेपर बदलला असेल कोणीतरी.” वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मेरिटनं मात्र सगळ्यांना चकित केलं. सरळ म्हणाला, “तिला मोजणीला जायचंय. तिथं एवढे पुरतात. जाईल.” इतकी वाक्यं सलग बोलताना मी त्याला प्रथमच ऐकत होतो. फूटपट्टी मोरीत तोंड धुवायला गेली. परतताना माझ्याकडे पाहून तिनं एक भुवई उडवली. तिचा हिशेब बसला होता.

हिशेबात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे बाकीची माणसं.

त्याच सुमारास मोठ्या रस्त्यांची कामं निघाल्याची बातमी आली. मोजणीवाले हवेत, कोर्स संपला की नोकरी नक्की, असं पेपरात मोठ्या मथळ्यात आलं. ते मी त्या खुर्चीतच बसून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, वहिनीचा जीव जरा निवावा म्हणून. ज्यांनी जन्मात टेप हातात धरली नव्हती अशी सत्तर-पंच्याहत्तरवाली पोरं तिकडे धावली. अख्ख्या शहरातल्या आयांना मोजणी आवडायला लागली. दर वर्षी पंचावन्नला मिळणारा कोर्स त्या वर्षी अडुसष्टला बंद झाला.

प्रवेशाची यादी बघून ती कॉलेजातून परत आली तेव्हा मी खुर्चीतच होतो. दारात उभी राहून म्हणाली, “काका, उठा.” मी उठलो. ती खुर्चीत बसली. तोंडावर तो दिवा.

मेरिट नुकताच ऑफिसातून आला होता, हातात डबा तसाच. “काय झालं?”

“अडुसष्ट.”

“बरं. पुढल्या वर्षी पुन्हा बसशील परीक्षेला.”

“विचारलं मी खिडकीवर. पास झालेल्यांना पुन्हा बसता येत नाही. बाई म्हणाल्या, नापास झाली असतीस तर बसता आलं असतं.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. मग फूटपट्टीनंच सांगितलं. गणिताची शेवटची दोन पानं तिनं कोरी ठेवली होती. शास्त्रात आकृत्या काढल्या नव्हत्या. भूगोलाचा नकाशा, म्हणजे तिच्या जिवाचा विषय, पुरवणीला न जोडताच बाकावर ठेवून आली होती. भरून ठेवलेला.

“येत होतं?” मेरिटनं विचारलं.

“सगळं.”

“शेवटचं गणित काय होतं?”

तिनं सांगितलं. एका टेकडीच्या दोन बाजूंनी कोन मोजलेत, तर टेकडीची उंची किती. आणि डोळे मिटून, छताकडे तोंड करून, तिनं ते सोडवत आणलं, पायरी पायरीनं, शेवटपर्यंत. मला त्यातलं काही कळलं नाही. मेरिटला सगळं कळलं. त्याचा चेहरा दाढ उपटताना व्हायचा तसा झाला.

“मला विचारलं असतंस,” तो म्हणाला, “तर मी म्हणालो असतो, नव्वद आण आणि जा मोजणीला. मी अडवणार होतो का?”

“तुम्ही आजोबांना विचारलं होतं ना?”

त्यानं हातातला डबा दुसऱ्या हातात घेतला.

“मला या खुर्चीत बसायचं नव्हतं, बाबा,” ती म्हणाली, त्याच खुर्चीत बसून.

मला वाटलं, आता तो तिला जवळ घेईल, डोक्यावर हात ठेवील. तसाच माणूस आहे तो. पण त्याच्या तोंडून निघालं ते त्याच्या वडिलांचं. आवाजसुद्धा म्हाताऱ्याचा.

“मार्क वाया घालवलेस.”

बोलल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. डबा टेबलावर ठेवून तो गॅलरीत गेला. वहिनी दिवा बंद करायला पुढे आली, आणि माझ्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाली, “भावजी, तुम्ही सांगितलं होतंत.” मी आयुष्यभर वाट पाहिली होती, कोणीतरी असं म्हणावं म्हणून. मी माझ्या चपला शोधायला लागलो.

साठ मार्कांची दारं नाहीत असं नाही. फूटपट्टी सगळीकडे जाऊन आली. एका ठिकाणी गणितात इतके कमी का म्हणून विचारलं. तिनं खरं कारण सांगितलं तर समोरचे साहेब हसले, आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं ते पुन्हा आत बोलावलंच नाही. आता ती आईच्या दुकानात कापड मोजते. मालकानं तिलाही मार्क विचारले होते. “साठ? चालतील,” म्हणाला. आमच्याकडे कापड मोजायलाही मार्क विचारतात. न विचारून कसं चालेल?

परवा मी पँटचं कापड घ्यायला गेलो. तिनं तागा उलगडला, लोखंडी मीटर लावला, खूण केली, कात्री चालवली. बोटभरही जास्त नाही.

“अगं, शेजारी आहे मी. चार बोटं वर सोडायची असतात.”

“मग मोजायचं कशाला, काका?”

गल्ल्यावरून वहिनी म्हणाली, “सगळ्या गिऱ्हाइकांना असंच तोडते. मालक ओरडतो.”

दुकानाच्या दाराशी मेरिट उकिडवा बसला होता. सुट्टीच्या दिवशी तो दुकानाच्या पाट्या रंगवून देतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही अशा गोष्टी आमच्या इमारतीत फार नाहीत. पुढ्यात निळा पुठ्ठा, वडिलांचा जुना ब्रश. पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, ‘उरलेले तुकडे स्वस्तात’.

“काय मेरिट, शेवटी चित्रशाळेत आलास म्हणायचं,” मी म्हणालो.

तो हसला नाही. मान वर न करता त्यानं आत हाक मारली, “बघ गं, सरळ आलंय का?”

ती टेप घेऊन बाहेर आली. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेपासून पहिल्या अक्षरापर्यंत मोजलं, मग शेवटच्या अक्षरापर्यंत.

“उजवीकडे खाली उतरतंय.”

त्यानं फडका घेतला, सगळं पुसलं, आणि ती टेप धरून उभी असताना पहिल्यापासून लिहायला घेतलं.