सरळ चालणारे गृहस्थ

समोरच्या बिल्डिंगमधली मृणाल आपल्या गाण्याच्या व्हिडिओसाठी गल्लीत उलटं चालायची. गाणंही तिने शेवटाकडून सुरुवातीकडे घोकलं होतं. तिचा भाऊ निकेत चित्रीकरण नंतर उलटं फिरवणार होता. म्हणजे ती सरळ चालेल, नीट गाईल आणि मागचं जग तेवढं उलटं जाईल. काय एकेक डोकी असतात!

काल त्याने मला व्हिडिओ दाखवला. गॅलरीत मी झाडांना घातलेलं पाणी कुंडीतून उठून झारीत परत शिरत होतं. माणसं मागे सरकत आपापल्या घरी परतत होती. हेवा वाटला मला त्या गल्लीचा.

तेवढ्यात मृणालच्या मागे पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ दिसले. सरळ, सावकाश, आमच्याकडे बघत येणारे.

"हे कोण रे? तुमच्यातलेच का?"

"नाही काकू," निकेत हळूच म्हणाला. "चित्रीकरणाच्या दिवशी उलटी फक्त ताई चालत होती."

गेलेली माणसं अशीच, आपल्याकडे तोंड करून मागे मागे जात असतील का? आणि आपण म्हणत राहतो, त्यांनी पाठ फिरवली.

आज सकाळी झाडांना पाणी घातलं, ते मात्र गल्लीकडे पाठ करून. न जाणो, ते गृहस्थ माझ्याकडे बघत मागे मागे जाताना दिसले तर?