तिच्या तोंडी माझा आवाज

गेली सतरा वर्षं मी एका अमेरिकन नटीच्या तोंडातून बोलते. तिचे सिनेमे हिंदीत येतात तेव्हा तिचा आवाज काढून टाकतात आणि त्या जागी माझा बसवतात. तिला माझी खबरबात असण्याचं कारण नाही. मला मात्र तिचं सगळं माहीत आहे. कुठल्या शब्दाआधी ती श्वास घेते, दिग्दर्शकाने काहीच सुचवलं नसेल तेव्हा केस कानामागे कशी सारते, खोटं बोलताना कुठली भुवई उचलते. एखाद्याला इतकं जवळून बघितलं की आदर टिकत नाही. माझा पहिल्या आठवड्यातच गेला.

सुरुवातीच्या चार-पाच सिनेमांत बाईचं मुख्य काम म्हणजे पडणं. जिन्यावरून, सायकलवरून, एकदा तर लग्नाच्या केकवर. पडली की हसायची, आणि समोरचा चिकणा नट लगेच भाळायचा. पस्तिशी आल्यावर तिला दुर्धर आजार व्हायला लागले. आजारात डोळ्यांखाली काळं लावता येतं आणि बक्षिसं मिळतात. मग दोनदा वकील झाली. चाळिशी उलटल्यावर कोणी विचारेना, तेव्हा तिने स्वतःची कंपनी काढली आणि निर्माती होऊन स्वतःलाच कामं द्यायला लागली. हल्ली ती गरीब बायका करते. गरीब झाली की केस विंचरत नाही, एवढाच काय तो फरक. दात आपले पांढरेशुभ्र.

मी राहते रत्नागिरीत, मांडवीला. पूर्वी कामासाठी गाडीने मुंबई गाठायचे, आता आतल्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून, मध्ये माइक ठेवून बरंचसं काम घरूनच पाठवते. काम दिसतं तितकं सोपं नाही. तिचे ओठ मिटले की माझ्या वाक्यात प, ब, म यांपैकी काहीतरी यायलाच हवं. हिंदी वाक्यं लिहून देणाऱ्या दिवट्याला ते कधी दिसत नाही, मग मीच ‘नहीं’चं ‘बिलकुल नहीं’ करून वेळ मारून नेते. त्यात आमचा डबिंग दिग्दर्शक. सुरुवातीला त्याचं एकच, ‘मॅडम, रत्नागिरी बाहेर येतेय.’ वाक्याच्या शेवटाला आवाज वर चढतो तो आमच्याकडचा हेल, तो मी घोटून घोटून मारला. त्यानंतर त्याचं दुसरं सुरू झालं, ‘थोडं जास्त रडा.’ मी जास्त रडायला लागले. मला ते चांगलं जमतं.

एका गणपतीत आमच्या मंडळाने माझा सत्कार केला. अध्यक्षांनी ‘हॉलिवूडचा आवाज’ अशी ओळख करून दिली, शाल गुंडाळली आणि माइक पुढे करून म्हणाले, ‘वहिनी, तिच्या आवाजात काहीतरी होऊन जाऊ दे.’ तिच्या आवाजात म्हणजे माझ्याच आवाजात, हे त्या गृहस्थांना कोण सांगणार. मी ‘मुझे अकेला छोड़ दो’ म्हटलं. त्यावरही टाळ्या पडल्या.

त्या दिवसापासून मी लोकांना सरळच सांगायला लागले की त्या बाईला अभिनय येत नाही, तुम्हाला जे रडू येतं ते माझं. लोक हसायचे. त्यांना वाटायचं मी गंमत करतेय. मी मुळीच गंमत करत नव्हते. पडद्यावर माझं तोंड नाही, शेवटच्या नावांत माझं नाव येईल न येईल. आवाज तेवढा माझा. तो काढून घेतला तर ती बाई उघडी पडेल, या एका गोष्टीवर माझा सगळा ताठा होता.

घरात माझ्याविरुद्ध एकच माणूस, माझ्या थोरल्या नणंदबाई. वन्संनी मिरकरवाड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली, यंत्राच्या भिंतीला लागून त्यांचं टेबल. निवृत्त झाल्या तोवर कान पुरते गेले होते. श्रवणयंत्राने डोकं दुखतं म्हणून ते कपाटात पडून आहे. बोलतात अजून कारखान्यात असल्यासारख्या, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा. टीव्हीसमोर सुपात सुकट घेऊन निवडत बसतात आणि त्या नटीचा एकही सिनेमा सोडत नाहीत. गोष्ट कळली नाही की मला विचारतात, मी कागदावर लिहून देते. आणि शेवटी ठरलेलं, ‘बाई गुणाची हो. छान काम केलंन.’

मला हसू यायचं. जिने माझा एक हुंदका ऐकलेला नाही ती मला काम कसं झालं ते सांगणार. मी नवऱ्याला म्हणायचे, तुमच्या बहिणीला गोऱ्या कातडीचं कौतुक आहे, दुसरं काही नाही. तो पेपरमागून बाहेर यायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून कळलं की बाई नवा सिनेमा काढतायत. निर्माती स्वतः, भूमिका आयुष्यातली सगळ्यात मोठी, असा गाजावाजा. मी तयारीला लागले. ऐन मे महिन्यात फ्रीजचं पाणी सोडलं, लोणचं सोडलं, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या. मग स्टुडिओतल्या मुलीचा फोन आला.

‘मॅडम, यात तिला डायलॉगच नाहीयेत. तिचा आवाज गेलेला दाखवलाय.’

‘श्वास असतील की. हुंदके असतील,’ मी म्हटलं.

‘ते ओरिजिनलच ठेवायचेत. तिच्या कंपनीची तशी अट आहे.’

माझ्या श्वासांवरही बाईचा विश्वास नव्हता. आठवडाभर मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, वन्संसमोर मोठ्यानेही घातल्या. मग माझ्या लक्षात आलं की हे तर उत्तमच झालं. माझ्या आवाजाची कुबडी काढून ती आता जगासमोर उभी राहणार होती. मी वाट बघत बसले.

सिनेमा टीव्हीवर आला त्या दिवशी दुपारची जेवणं उरकून मी वन्संना मुद्दाम शेजारी बसवलं. त्यांनाही एकदा दाखवायचंच होतं. बाई हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला असते. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेलेला, आणि दूर राहणाऱ्या, भांडून गेलेल्या मुलीला ते ठाऊक नाही. एके दिवशी त्या मुलीचा फोन येतो. ही रिसीव्हर कानाला लावते आणि बोलायचं टोक तळहाताने झाकून घेते, आपला श्वाससुद्धा तिकडे जाऊ नये म्हणून. मी भुवईची वाट बघत होते. भुवई हलली नाही. मुलगी चार वेळा ‘हॅलो’ म्हणते, मग चिडून फोन ठेवते. ही रिसीव्हर एप्रनला पुसते आणि जागेवर ठेवते. त्या जागी मी नक्की एक आवंढा टाकला असता आणि सगळ्याची माती केली असती.

सिनेमा संपल्यावर मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘या वेळी काम चांगलं केलंय.’ हरलेच होते, तर निदान चारचौघांसारखं कबूल तरी करावं.

वन्संनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

‘या वेळी म्हणजे?’ त्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. ‘हिचं कायम असंच असतं गो. तो आजारपणाचा पिक्चर नाही? त्यात तरी कुठे एक टिपूस काढलंन डोळ्यातून?’

‘त्यात ती रडते,’ मी लिहिलं.

‘कोण म्हणतं? तू बघितलंस तरी कधी नीट?’

त्या सूप उचलून आत गेल्या. मला भयंकर राग आला होता. बहिऱ्या माणसाने मला माझंच काम शिकवावं. मी तिथल्या तिथे तो जुना सिनेमा शोधून काढला, हॉस्पिटलमधल्या प्रवेशावर आणला आणि आवाज बंद केला.

तिचा नवरा खाटेवर बसून काहीतरी बोलत होता. ती त्याच्या शर्टाच्या वरच्या गुंडीकडे बघत होती, ओठ घट्ट दाबून. त्याला कळू नये म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हा प्रवेश मी पन्नास वेळा तरी बघितला असेल, पण तिचे ओठ मिटतात कधी आणि उघडतात कधी एवढंच मोजत. चेहऱ्याकडे बघायला मला सवडच झाली नव्हती. त्या दाबलेल्या ओठांवर आवाज बसत नाही म्हणून डबिंगच्या वेळी मला घाम फुटला होता, आणि मग आम्ही तिथे काय घातलं तेही आठवलं.

मी आवाज सुरू केला. एक बाई मोठमोठ्याने रडत होती, आणि ती मी होते.